शर्यतीच्या वाटेवरील शोमरोनी

मोटारींची शर्यत आणि ख्रिस्ती धर्मसेवा या दोन गोष्टी एकाच वाक्यात आल्या की वाचक क्षणभर थबकेल. एकीकडे ताशी तीनशे किलोमीटरचा वेग, यंत्रांचा कर्णकर्कश आवाज आणि कोट्यवधींची उलाढाल. दुसरीकडे प्रार्थना, पश्चात्ताप आणि शेजाऱ्यावरील प्रेम. त्यातही चिखली-खामगाव रस्त्यावरील उंद्रीसारख्या गावातून या विषयावर कोणी लिहू लागला, तर त्याला हा उद्योग कोणी सांगितला, असे विचारले जाणे साहजिक आहे. आमच्याकडे शर्यतीचा डांबरी मार्ग नाही आणि लक्षावधी रुपयांच्या मोटारीही नाहीत. परंतु विषय दूरचा वाटला तरी त्यातील प्रश्न दूरचा नाही. वेगावर ज्याचे पोट आहे किंवा वेगाच्या आहारी जो गेला आहे, त्या माणसाची चिंता कोणी वाहावयाची, हा तो प्रश्न होय. ज्या जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो, त्या बुलढाणा जिल्ह्याला हा प्रश्न टाळता येणार नाही.

शिवाय शर्यत आणि देव यांची सांगड आपल्याला नवी नाही. विदर्भात बैलांच्या शर्यतीला आपण शंकरपट म्हणतो. शर्यतीच्या नावातच देव बसला आहे. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचा पट सर्वांना ठाऊक आहे. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा शर्यतींवर बंदी घातली, १६ डिसेंबर २०२१ रोजी महाराष्ट्राला सशर्त अनुमती मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्यांचे सुधारित कायदे वैध ठरविले. या सगळ्या वादात बैलाच्या वेदनेची चर्चा झाली, आणि ती होणे योग्यच होते. परंतु धुरकऱ्याचे काय, तो पडला, जायबंदी झाला, तर त्याच्या घरी कोण जाते, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. अमेरिकेतील मोटार शर्यतींच्या जगात काही ख्रिस्ती धर्मसेवकांनी नेमका हाच प्रश्न विचारला. म्हणून त्यांची हकीकत जाणून घेण्यासारखी आहे.

रविवारचा पेच

ख्रिस्ती धर्मात रविवार हा उपासनेचा दिवस. नॅसकार या नावाने प्रसिद्ध असलेल्या अमेरिकी शर्यतींचा मोठा दिवसही रविवारच. वर्षातील बहुतेक रविवारी चालक, यंत्रज्ञ, त्यांच्या बायका आणि मुले कोणत्या ना कोणत्या शर्यतीच्या गावी मुक्कामाला असतात. मग त्यांनी देवळात जावयाचे कधी? १९८८ साली मॅक्स हेल्टन या धर्मोपदेशकाने काही चालक-कुटुंबांच्या आग्रहावरून ‘मोटर रेसिंग आउटरीच’ ही संस्था स्थापन केली. लोक देवळात येऊ शकत नसतील तर देऊळ लोकांकडे जाईल, हे तिचे साधे सूत्र होते. शर्यतीपूर्वी लहानशी उपासना, आठवड्यात शास्त्राभ्यास, मुलांसाठी वर्ग, आजाऱ्याची भेट आणि अपघात झाल्यास रुग्णालयात कुटुंबाजवळ बसणे, असे या सेवेचे स्वरूप आहे.

येथे एरिक लिडेलची आठवण होते. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी होत्या, म्हणून या स्कॉटिश धावपटूने त्या शर्यतीतून अंग काढून घेतले. पुढे त्याने चारशे मीटरचे सुवर्णपदक जिंकले, चीनमध्ये मिशनरी म्हणून काम केले आणि १९४५ साली जपान्यांच्या स्थानबद्धता छावणीत त्याचा अंत झाला. लिडेलने रविवारसाठी शर्यत सोडली; हेल्टनने रविवार शर्यतीत नेला. यापैकी खरा ख्रिस्ती मार्ग कोणता, यावर धर्मपंडितांनी वाद घालावा. समाजाच्या दृष्टीने पाहता दोन्ही मार्गांना स्थान आहे. अन्याय्य व्यवस्थेला नकार देणारा माणूस हवा, तसाच त्या व्यवस्थेत अडकलेल्यांच्या सोबतीला राहणारा माणूसही हवा.

लोकांकडे त्यांच्या रीतीने जाण्याची ही कल्पना मराठी वाचकाला परकी वाटू नये. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्या धर्माशी त्यांची ओळख झाली तीही प्रवासात, नागपूरहून राजनांदगावकडे जाणाऱ्या आगगाडीच्या डब्यात, एका युरोपीय सहप्रवाशाच्या संभाषणातून. पुढे टिळकांनी ख्रिस्ती उपासनेत भजन आणले, कीर्तन आणले, आणि १९१७ मध्ये मिशनची चाकरी सोडून ‘देवाचा दरबार’ सुरू केला. धर्म टिकावयाचा तर तो लोकांच्या बोलीत व लोकांच्या वाटेवर गेला पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते.

मृत्यूचा शेजार

या सेवेची निकड समजावयाची तर शर्यतीच्या जगात मृत्यू किती जवळ वावरतो हे पाहावे लागेल. ११ जून १९५५ रोजी फ्रान्समधील ल मां येथे एक मोटार प्रेक्षकांत घुसली आणि ऐंशीहून अधिक माणसे मेली. शर्यत मात्र थांबविण्यात आली नाही. ती ठरल्या वेळी पूर्ण झाली. अमेरिकेत मे २००० मध्ये ॲडम पेटी हा अवघा एकोणीस वर्षांचा चालक सरावाच्या वेळी मरण पावला. १८ फेब्रुवारी २००१ रोजी डेटोनाच्या शर्यतीत, अगदी शेवटच्या फेरीत, डेल अर्नहार्ट हा त्या जगातील सर्वांत ख्यातनाम चालक भिंतीवर आदळून ठार झाला. डॅरेल वॉलट्रिप या चालकाची पत्नी स्टीव्ही हिचा एक परिपाठ होता. बायबलमधील एखादे वचन चिठ्ठीवर लिहून ती प्रथम आपल्या पतीच्या आणि पुढे अर्नहार्टच्याही मोटारीत लावण्यासाठी देत असे. त्या दिवशीही नीतिसूत्रांच्या पुस्तकातील एका वचनाची चिठ्ठी त्याच्या मोटारीत होती.

मग त्या चिठ्ठीचा उपयोग काय झाला, असे कोणी विचारील. हा प्रश्न उद्धट नाही. उलट तो प्रामाणिक आहे. आपल्याकडेही अपघातात चेंदामेंदा झालेल्या गाडीत देवाची तसबीर तेवढी शाबूत सापडते आणि पाहणारा अस्वस्थ होतो. याचे उत्तर असे की, धर्माने अपघात टाळण्याचे वचन दिलेले नाही, निदान प्रौढ धर्माने तरी नाही. जो धर्मसेवक चालकाला तू पडणार नाहीस असे सांगतो तो त्याची फसवणूक करतो. तू पडलास तर तुझ्या माणसांना एकटे सोडणार नाही, असे जो सांगतो तोच खरे बोलतो. ॲडम पेटीच्या कुटुंबाने त्याच्या स्मरणार्थ नॉर्थ कॅरोलिनात दुर्धर आजाराच्या मुलांसाठी शिबिराची वास्तू उभारली व ती २००४ साली सुरू झाली. शोकातून अशी काही निर्मिती होते तेव्हा श्रद्धेचा अर्थ तर्कपंडितालाही थोडा उमगतो.

श्रद्धा की बेफिकिरी?

श्रद्धेवर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला विशेष ओळखीचा वाटतो. विमा उतरविलेला माणूस आपल्या मालमत्तेविषयी कमी काळजी घेतो, असे आमचे शास्त्र सांगते. शिकागोचे अर्थशास्त्रज्ञ सॅम पेल्ट्झमन यांनी १९७५ मध्ये असा युक्तिवाद केला की, मोटारीत सुरक्षा-साधने सक्तीची केली की काही चालक अधिक वेगाने हाकू लागतात आणि साधनांचा फायदा अंशतः वाया जातो. मग देव हाही एक विमाच ठरत नाही काय? आपल्या मागे ईश्वर उभा आहे अशी ज्याची खात्री, तो वळणावर गती कमी कशाला करील? फ्रेंच चालक ॲलन प्रॉस्ट याने आपला ब्राझीली प्रतिस्पर्धी आयर्टन सेन्ना याच्याविषयी हाच आक्षेप उघडपणे घेतला होता. देवावरील विश्वासामुळे आपण मरणारच नाही असे सेन्नाला वाटते आणि ते इतरांना धोक्याचे आहे, असा त्याचा आशय होता. सेन्नाने तो नाकारला. पण आक्षेप निराधार होता असेही म्हणवत नाही. सेन्नाचे धाडस अनेकदा मर्यादा ओलांडीत असे.

तथापि त्याच सेन्नाची दुसरी बाजूही आहे. ऑगस्ट १९९२ मध्ये बेल्जियममधील स्पा येथे सरावाच्या वेळी एरिक कोमास या चालकाची मोटार आदळून मार्गाच्या मध्यभागी पडली. तो बेशुद्ध होता, इंजिन चालूच होते, पेट घेण्याचा धोका होता. सेन्नाने आपली मोटार थांबविली, मागून येणाऱ्या मोटारींची पर्वा न करता तो धावत गेला, इंजिन बंद केले आणि वैद्यकीय पथक येईपर्यंत त्याने कोमासचे डोके हातांनी धरून ठेवले. ३० एप्रिल १९९४ रोजी इटलीत इमोला येथे रोलँड रात्झेनबर्गर हा ऑस्ट्रियन चालक मेला, तेव्हा शर्यतींचे वैद्यकप्रमुख डॉ. सिड वॉटकिन्स यांनी सेन्नाला निवृत्त होण्याचा मित्रत्वाचा सल्ला दिला. तो त्याने मानला नाही. दुसऱ्या दिवशी, १ मे रोजी सकाळी, चालकांची संघटना पुन्हा उभी करून सुरक्षिततेची मागणी करण्याविषयी तो सहकाऱ्यांशी बोलला. दुपारी त्याची मोटार भिंतीवर आदळली. त्याच्या मोटारीत ऑस्ट्रियाचा दुमडलेला ध्वज सापडला. रात्झेनबर्गरच्या स्मरणार्थ तो फडकवावयाचा होता, असे मानले जाते. देवाच्या प्रेमापासून आपल्याला कशानेही तोडता येणार नाही, अशा अर्थाचे शब्द साऊँ पाउलो येथील त्याच्या समाधीवर कोरलेले आहेत.

श्रद्धा माणसाला बेफिकीर करते की जबाबदार, याचे सरसकट उत्तर नाही. ती आपल्यापुरती राहिली तर विम्यासारखी वागते. दुसऱ्याकडे वळली तर सेवा होते. ब्राझीलच्याच आलेक्स रिबेरो याने १९७० च्या दशकात ‘येशू तारतो’ अशा अर्थाची पाटी आपल्या शर्यतीच्या मोटारीवर मिरविली. फॉर्म्युला वनमध्ये त्याला यश लाभले नाही. परंतु पुढे काही वर्षे याच शर्यतींत अपघातस्थळी डॉक्टरांना नेणारी वैद्यकीय मोटार त्याने चालविली. तारण्याविषयी बोलणाऱ्याने तारणाऱ्यांना वाहून न्यावे, यापेक्षा चांगले प्रवचन कोणते?

पाटी आणि पट्टा

याच अनुषंगाने आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. अर्नहार्टसारखे अनेक चालक कवटीच्या तळाचे हाड मोडून मेले. मोटार थांबते, शरीर पट्ट्याने जखडलेले राहते, डोके मात्र पुढे झेपावते. हे टाळणारे ‘हॅन्स’ नावाचे खांद्यावरचे साधन अमेरिकेतील प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड आणि त्यांचे मेहुणे, चालक जिम डाउनिंग यांनी १९८० च्या दशकातच तयार केले होते. ते अवघडल्यासारखे वाटते म्हणून कित्येकांनी ते नाकारले; अर्नहार्टनेही ते वापरले नव्हते. त्याच्या मृत्यूनंतर ऑक्टोबर २००१ मध्ये नॅसकारने मान सांभाळणारे साधन सक्तीचे केले, २००३ पासून फॉर्म्युला वननेही केले. २००२ पासून धक्का शोषून घेणाऱ्या भिंती आल्या. तेव्हापासून नॅसकारच्या सर्वोच्च मालिकेतील शर्यतीत एकही चालक दगावलेला नाही.

अर्थ उघड आहे. प्रार्थना ही पट्ट्याची जागा घेऊ शकत नाही. जो धर्मसेवक चालकाच्या मस्तकावर हात ठेवतो, पण मालकाला भिंत मऊ करा असे सांगत नाही, त्याची सेवा अपुरी आहे. किंबहुना येथेच या चळवळीतील दुबळेपणा दिसतो. १९७१ पासून २००३ पर्यंत नॅसकारच्या सर्वोच्च मालिकेला एका सिगारेटचे नाव होते. त्या सिगारेटच्या फलकाखाली उपासना होत राहिली. २००४ मध्ये डेटोनाच्या शर्यतीत एका मोटारीवर ख्रिस्ताच्या यातनांवरील चित्रपटाची जाहिरात झळकली. धर्म बाजारात जातो तेव्हा बाजार बदलतो की धर्म, हे नीट पाहावे लागते. व्यापाराच्या यंत्राला वंगण घालणे हे धर्माचे काम नव्हे.

दुसरा आक्षेप आपल्या देशात अधिक तीव्रतेने घेतला जातो. शोकाकुल माणूस दुबळा असतो. त्या क्षणी त्याच्याजवळ जाणारा सेवा करतो की आपल्या पंथाची भरती करतो? १८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाडात अलायन्स मिशनने अनाथ मुलांना आसरा दिला, तेव्हाही ही शंका घेतली गेली. ती हेत्वारोप म्हणून झटकून टाकू नये. तिची कसोटी मात्र सोपी आहे. जो धर्मांतर करणार नाही हे ठाऊक आहे, त्याच्याही उशाशी तुम्ही तितकाच वेळ बसता काय? मिरजेला डॉ. वॉन्लेस यांनी उभारलेल्या मिशन रुग्णालयाने रोग्याचा धर्म पाहिला नाही, म्हणूनच महाराष्ट्राने त्यांना आपले मानले.

दोन दीनारांचा हिशेब

ही कसोटी बायबलमध्येच आहे. यरुशलेमहून यरिहोकडे जाणाऱ्या वाटेवर लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेला एक प्रवासी, त्याला पाहून बाजूने निघून जाणारे दोन धार्मिक पुरुष आणि थांबणारा तिसरा, तोही तिरस्कृत पंथातला शोमरोनी, ही येशूने सांगितलेली गोष्ट सर्वश्रुत आहे. या शोमरोन्याने जखमीला धर्म विचारला नाही. त्याने जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून त्याला उतारशाळेत नेले आणि तेथील रखवालदाराला दोन दीनार देऊन, अधिक खर्च झाल्यास परतताना देईन, असे सांगितले. एक दीनार म्हणजे त्या काळातील मजुराची सुमारे एका दिवसाची मजुरी. अर्थशास्त्राच्या अध्यापकाला या कथेतील हा तपशील सर्वांत मोलाचा वाटतो. दयेला येथे आकडा आहे. करुणा खिशापर्यंत पोहोचली आहे.

विशेष म्हणजे हाच शोमरोनी आता भारताच्या मोटार कायद्यात येऊन बसला आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली आणि २०१९ च्या सुधारणेने मोटार वाहन अधिनियमात कलम १३४अ आले. या कलमात मदत करणाऱ्याला ‘गुड समॅरिटन’, म्हणजे चांगला शोमरोनी, असेच म्हटले आहे. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. नाव-पत्ता सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. ५ मे २०२५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या योजनेनुसार अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख रक्कम न भरता मिळण्याची तरतूद आहे. शोमरोन्याचे दोन दीनार भरण्याचे शासनाने असे मान्य केले आहे. उरतो तो थांबण्याचा आणि उचलण्याचा भाग; तो शासनाला करता येत नाही.

आणि तो करण्याची गरज किती आहे? २०२२ या एका वर्षात देशात रस्ते-अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतील सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या सदराखाली नोंदले गेले. शर्यतीच्या मैदानांवरील सगळे मृत्यू एकत्र केले तरी या आकड्याच्या पासंगाला पुरणार नाहीत. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर नागपूरहून पुण्याकडे निघालेली बस पेटली आणि २५ प्रवासी होरपळून मेले. त्यांपैकी बहुतेकांवर बुलढाण्यातच सामुदायिक अंत्यसंस्कार झाले. बाहेरगावच्या माणसांना या जिल्ह्याने अखेरचा निरोप दिला. पुढच्याच महिन्यात, ऑगस्ट २०२३ मध्ये, मद्रासच्या शर्यतमार्गावर दुचाकीच्या स्पर्धेत बंगळूरचा अवघा तेरा वर्षांचा मुलगा मरण पावला. वेगाचे कौतुक आपण मुलांपर्यंत नेले. त्याच्या किमतीचा हिशेब मात्र त्यांना शिकविला नाही.

म्हणून शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना एवढेच सुचवावेसे वाटते. महामार्गालगतच्या प्रत्येक शाळा-महाविद्यालयात प्रथमोपचाराचे शिक्षण नियमित द्यावे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत श्रमदानाच्या जोडीला जखमीची मान न हलविता त्याला कसे उचलावे हे शिकवावे. कलम १३४अ चा मराठी मजकूर ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा, म्हणजे पोलिसांच्या चौकशीच्या भीतीने कोणी पाय मागे घेणार नाही. देवळे, मशिदी, विहार आणि चर्च यांनी गाडीची पूजा वा आशीर्वाद जरूर द्यावा, पण त्याच वेळी शिरस्त्राण आणले आहे काय, एवढे विचारावे. आणि अपघातात कर्ता पुरुष गमावलेल्या घरी तेराव्यानंतरही कोणीतरी जावे. मोटार शर्यतींच्या जगातील त्या धर्मसेवकांकडून शिकण्यासारखे हेच आहे: कोणी ना कोणी शेवटपर्यंत थांबले पाहिजे.

चिखली-खामगाव रस्त्यावरून रात्रंदिवस गाड्या जातात. बहुतेकांच्या काचेवर कोणता ना कोणता देव असतो. त्या देवांची परीक्षा घेण्याचे कारण नाही. परीक्षा होणार आहे ती रस्त्याच्या कडेला कोणी पडलेला दिसल्यावर ब्रेकवर पाय ठेवणाऱ्याची, आणि न ठेवणाऱ्याचीही.